खांब-तुळईची गाठ मजबूत हवी

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. घर बांधताना माणसाच्या जिवाची जी ओढाताण होते, ती ज्याची त्यालाच ठाऊक. पण एवढे करूनही घर आतून कसे बांधले गेले, हे पाहण्याची संधी घरमालकाला क्वचितच मिळते. फरशी, रंग, नळ, खिडक्या दिसतात. ज्या ठिकाणी घराचा सगळा भार एका अवयवातून दुसऱ्या अवयवात उतरतो, ती जागा मात्र गिलाव्याआड कायमची झाकली जाते. ही जागा म्हणजे तुळई आणि खांब यांचा सांधा. बोलीभाषेत सांगायचे तर बीम आणि कॉलमची गाठ.

मांडव घालताना बांबू कितीही जाड घेतला, तरी गाठी सैल असतील तर पहिल्याच वावटळीत मांडव कलतो. काँक्रीटच्या इमारतीचेही तसेच आहे. रोजच्या वापरात, नुसते वजन पेलताना, या गाठीची परीक्षा होत नाही. म्हणून चाळीस वर्षे उभी असलेली इमारत मजबूतच असणार, असा समज होतो. ही परीक्षा होते ती जमीन आडवी हलते तेव्हा. भूकंपाचा धक्का जेमतेम अर्ध्या-एक मिनिटाचा असतो, आणि त्या वेळी उत्तरपत्रिका सुधारायला सवड नसते.

बंगळुरूला भूकंपाचे भय आहे का?

बंगळुरूत राहणाऱ्या कुणालाही हे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘इथे कुठला आला भूकंप! हे दख्खनचे पक्के खडकाळ पठार.’ हे उत्तर बऱ्याच अंशी खरे आहे. हिमालयाच्या पायथ्याशी किंवा कच्छमध्ये जेवढा धोका आहे, तेवढा बंगळुरूला नाही. भारतीय मानक संस्थेच्या १९८४ च्या नकाशात हे शहर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होते. २००२ मध्ये पहिले क्षेत्र रद्द करून ते दुसऱ्यात मिळवले गेले, तेव्हा बंगळुरूही दुसऱ्या क्षेत्रात आले. त्या वेळी या क्षेत्रासाठी ०.१० हा गुणक ठरवला गेला. दिल्लीच्या चौथ्या क्षेत्रासाठी तो ०.२४ होता आणि भूजच्या पाचव्या क्षेत्रासाठी ०.३६.

परंतु मराठी वाचकांना एक गोष्ट विसरता येणार नाही. १९८४ च्या त्याच नकाशात, त्याच पहिल्या क्षेत्रात, लातूर जिल्ह्यातील किल्लारीही होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, पहाटे चारच्या सुमारास तेथील जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरने असाच तडाखा सोसला होता. दक्षिणेत ८ फेब्रुवारी १९०० रोजी कोइमतूर परिसरात सुमारे ६ तीव्रतेचा भूकंप झाल्याची नोंद आहे. म्हणजे पठार पक्के असले तरी ते अगदीच स्वस्थ नाही. किल्लारीसारखे बंगळुरूत घडेलच, असा याचा अर्थ मुळीच नाही. नकाशावरचा फिकट रंग म्हणजे अभयपत्र नव्हे, एवढाच तो अर्थ आहे.

आणखी एक मुद्दा मातीचा. बंगळुरू हे एकेकाळचे तलावांचे शहर. आज जिथे मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे, तिथे धर्मांबुधी तलाव होता; कंठीरव स्टेडियम संपंगी तलावाच्या जागेवर उभे आहे. शहर वाढत गेले तसे असे कितीतरी तलाव भर घालून बुजवले गेले. खडकावर बांधलेले घर आणि भरावाच्या मऊ मातीवर बांधलेले घर सारखे हलत नाही. मऊ माती धक्का वाढवते. मेक्सिको शहर हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचे केंद्र तिथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर होते, तरी जुन्या सरोवराच्या गाळावर उभ्या असलेल्या शेकडो इमारती पडल्या किंवा निकामी झाल्या.

सांध्यात नेमके काय घडते?

घरातला एक चौकोनी रुमाल घ्यावा. त्याची समोरासमोरची दोन टोके धरून ओढावीत. एका कर्णाच्या दिशेने रुमाल ताणला जातो आणि दुसऱ्या कर्णाच्या दिशेने गोळा होतो. भूकंपात तुळई-खांबाच्या सांध्याची हीच गत होते. इमारत डावीकडे कलते तेव्हा सांध्याच्या एका बाजूची तुळई वर वाकू पाहते, दुसऱ्या बाजूची खाली. तुळईतल्या वरच्या सळया एकीकडून ओढल्या जातात आणि दुसरीकडून ढकलल्या जातात. खालच्या सळयांचे नेमके उलट. मधला काँक्रीटचा ठोकळा तिरका होऊ लागतो. पुढच्याच क्षणी इमारत उजवीकडे कलते आणि सगळे उलटे फिरते.

काँक्रीट दाबाला पक्के असते, पण ताणाला फार कच्चे. म्हणून ताणाच्या कर्णावर आधी एक तिरपी भेग पडते, मग उलट दिशेने दुसरी. भूकंपानंतरच्या छायाचित्रांत सांध्यावर फुलीच्या आकाराच्या ज्या भेगा दिसतात त्या अशा पडतात. त्यानंतरही आणखी धक्के बसले तर भेगांमधले काँक्रीट भुगा होऊन गळू लागते, खांबाच्या उभ्या सळया बाहेर वाकतात आणि वरचा मजला खालच्या मजल्यावर बसतो.

हे थांबवते ती रिंग. खांबाच्या उभ्या सळयांभोवती ठरावीक अंतरावर ज्या आडव्या कड्या बांधतात, त्याच कड्या सांध्याच्या आतही हव्यात. पिंपाला जसे लोखंडी पट्टे, तशा त्या काँक्रीटला आवळून धरतात. भेग पडली तरी ठोकळा फुटून विखुरत नाही.

यातला दुसरा दोष सहसा लक्षात येत नाही. तुळईची सळई सांध्यात एका बाजूने ओढली आणि दुसऱ्या बाजूने ढकलली जात असल्याने तिला काँक्रीटमध्ये घट्ट पकड हवी. खांब अरुंद असेल तर ती सरकते. २०१६ च्या भारतीय मानकानुसार खांबाची रुंदी ३०० मिलिमीटर किंवा तुळईतल्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या वीसपट, यांत जी जास्त असेल तिच्यापेक्षा कमी नको. तुळईत १६ मिलिमीटरची सळई असेल तर खांब ३२० मिलिमीटरचा हवा. आपल्या शहरांतल्या घरांत मात्र खांब भिंतीतून बाहेर डोकावू नये, कपाट नीट बसावे, म्हणून तो नऊ इंचांचा, म्हणजे जेमतेम २३० मिलिमीटरचा ठेवण्याची पद्धत पडली. डोळ्यांना बरे दिसले, पण गाठ कच्ची राहिली.

रिंग का राहून जाते?

याला दरवेळी लबाडीच कारणीभूत असते असे नाही. सांध्याच्या जागी दोन्ही दिशांच्या तुळयांच्या आणि खांबाच्या सळया एकत्र येतात. बोट शिरणार नाही अशी दाटी होते. त्या दाटीत रिंग अडकवून तारेने बांधणे हे कष्टाचे, वेळखाऊ काम. तुळईचा पिंजरा आधी वर बांधून मग साच्यात सोडला, तर सांध्यात रिंगा घालायला वावच राहत नाही. शिवाय स्लॅबच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. मग खांबाच्या रिंगा तुळईच्या खालीच संपतात आणि स्लॅबच्या वर पुन्हा सुरू होतात. मध्ये, जिथे सर्वांत जास्त गरज, तिथे एकही नाही.

त्यात जुन्या काळी याविषयीचे नियमही पुरेसे नव्हते. सांध्यावरचे पायाभूत प्रयोग अमेरिकेत नॉर्मन हॅन्सन आणि हॅरॉल्ड कॉनर या अभियंत्यांनी केले आणि १९६७ मध्ये, म्हणजे कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी, प्रसिद्ध केले. भारतात काँक्रीटच्या इमारतींत सळया कशा बांधाव्यात म्हणजे इमारत भूकंपात एकदम न तुटता लवेल, हे सविस्तर सांगणारे स्वतंत्र मानक, आयएस १३९२०, आले ते १९९३ मध्ये. त्याआधीच्या इमारतींत सांध्यात रिंगा सापडल्या तर ते त्या अभियंत्याचे आणि मिस्त्रीचे श्रेय मानावे. आणि २०१६ च्या आवृत्तीतही हे मानक तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या क्षेत्रांत सक्तीचे, तर दुसऱ्या क्षेत्रात ऐच्छिक ठेवलेले होते. ऐच्छिक म्हटल्यावर खर्च वाचवू पाहणारा काय निवडणार, हे सांगायला नको.

बंगळुरूतल्या जुन्या वसाहतींत आणखी एक प्रकार सर्रास आढळतो. तीस बाय चाळीस फुटांच्या जागेवर वडिलांनी तळमजला बांधला, पुढे मजला चढवता येईल म्हणून खांबांच्या सळया गच्चीवर तशाच वर सोडल्या. दहा-पंधरा वर्षे ऊन-पाऊस खाऊन त्या गंजल्या. मग मुलाने त्यांनाच नव्या सळया जोडून दोन मजले चढवले, आणि गाडीला जागा हवी म्हणून तळमजल्याच्या भिंतीही काढल्या. आता वर भिंतींनी भरलेले जड मजले, डोक्यावर पाण्याची टाकी आणि खाली नुसते नऊ इंची खांब. सळयांचा जोड खरे तर खांबाच्या मधल्या भागात हवा. इथे तो नेमका स्लॅबला लागून, सांध्याच्या तोंडाशी आलेला. घरातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता, पण एकावर एक कच्चे दुवे जमत गेले.

दोन शहरांचे धडे

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. अहमदाबाद तिथून सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही त्या शहरात अनेक बहुमजली काँक्रीट इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. पडलेल्या इमारती काही पडक्या वाड्यांतल्या नव्हत्या. मध्यमवर्गीय कुटुंबांनी कर्ज काढून घेतलेली चांगली घरे होती. तपासणीत तीच ती कारणे पुढे आली : तळमजला वाहनांसाठी मोकळा, खांब बारीक, रिंगा विरळ, सांधे बिनरिंगांचे. शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या आणि या पडल्या, यात नशिबाचा भाग फार थोडा होता.

दुसरे शहर न्यूझीलंडमधले ख्राइस्टचर्च. तिथल्या कँटरबरी विद्यापीठात रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉली या प्राध्यापकांनी काँक्रीटच्या इमारती भूकंपात कशा वागतात याचे जे संशोधन केले, त्यावर जगभरचे नियम आधारले गेले. ‘खांब बलवान, तुळई त्यामानाने दुबळी’ हे त्या विचाराचे सार. तुळई वाकली तर मजला फक्त झुकतो, पण खांब किंवा सांधा तुटला तर मजलाच बसतो. अशा शहरात १९८६ च्या सुमारास बांधलेली सीटीव्ही ही सहा मजली इमारत २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात काही सेकंदांत कोसळली. त्या भूकंपात एकूण १८५ जण मरण पावले, त्यांतले ११५ एकट्या या इमारतीत. चौकशी आयोगाला खांबांत आणि तुळई-खांबांच्या सांध्यांत लवचिकपणा नसल्याचे आढळले. सप्टेंबर २०१० च्या आधीच्या भूकंपानंतर हीच इमारत वापरायला योग्य असल्याची हिरवी चिठ्ठी तिला मिळाली होती. ज्ञान गावातच असून भागत नाही, ते गिलाव्याआडच्या त्या गाठीपर्यंत पोचावे लागते.

जुना सांधा बळकट कसा करतात?

जुन्या सांध्यात नव्याने रिंग घालता येत नाही, म्हणून तिचे काम बाहेरून करावे लागते. त्याचे प्रमुख मार्ग असे :

काँक्रीटचे आवरण : खांबाचा गिलावा आणि सैल काँक्रीट काढून, त्याभोवती नव्या उभ्या सळया आणि रिंगा बांधून चार ते सहा इंचांचा नवा थर ओततात. नव्या सळया स्लॅबला भोके पाडून एका मजल्यावरून दुसऱ्यावर अखंड न्याव्या लागतात, आणि सांध्याच्या जागी तुळईला आरपार छिद्रे पाडून रिंगा ओवाव्या लागतात. हेच यातले खरे काम. पुष्कळदा हे टाळून फक्त दोन सांध्यांमधला खांब जाड केला जातो. दिसायला खांब भक्कम होतो, गाठ होती तशीच राहते.

पोलादी आवरण : खांबाच्या चारही कोपऱ्यांवर लोखंडी अँगल बसवून त्यांना पट्ट्यांनी जोडतात, सांध्याजवळ जाड पत्रे बोल्टने आवळतात. जागा कमी व्यापते, काम लवकर होते. गंज आणि आग यांपासून त्याचे रक्षण मात्र करावे लागते.

तंतूंची गुंडाळी : कार्बन किंवा काचेच्या तंतूंचे कापड इपॉक्सी या चिकट रसायनाने सांध्यावर चिकटवतात. कापड हलके असूनही त्याची ताणशक्ती मोठी असते. चिकटवण्याआधी पृष्ठभाग घासून एकसारखा करणे, टोकदार कडा गोल करणे आणि कापडाची टोके सुटू नयेत म्हणून ती नीट अडकवणे, यावर सगळे यश अवलंबून असते. उष्णतेने इपॉक्सी मऊ पडते, म्हणून वरून संरक्षक थर द्यावा लागतो.

तिरपे आधार : तुळई आणि खांब यांच्या काटकोनात लोखंडी तिरका तुकडा बसवतात. जुन्या लाकडी माडीत खांब-तुळईच्या कोपऱ्यात जसा तिरपा दांडा असे, तसाच हा. त्यामुळे जोराचा ताण सांध्यापासून दूर तुळईत सरकतो.

भार दुसऱ्याकडे देणे : कधी कधी सांध्यांना हात लावण्यापेक्षा तळमजल्यावर काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती किंवा लोखंडी तिरपे आधार घालणे शहाणपणाचे ठरते. इमारत कमी डोलते आणि सर्व सांध्यांवरचा ताण एकदम घटतो. दोन गाड्यांची जागा जाते खरी, पण घरात राहणाऱ्यांना सामान हलवून बाहेर पडावे लागत नाही. भिंतीखाली योग्य पाया मात्र घ्यावाच लागतो.

कुठला सांधा आधी घ्यावा, यालाही क्रम आहे. चारही बाजूंनी तुळया आलेला आतला सांधा त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तुळयाच त्याला आवळून धरतात. बाहेरच्या ओळीतला सांधा अधिक धोक्याचा आणि इमारतीच्या कोपऱ्यातला सर्वांत जास्त. तिथे सळया संपतात आणि धरायला पलीकडे काहीच नसते.

आधी तपासणी, मग खर्च

यांतला कोणताही उपाय ऐकीव माहितीवर करू नये. फक्त तुळया बळकट करून खांब तसेच ठेवले, तर इमारत पूर्वीपेक्षा धोकादायक होऊ शकते, कारण मग आधी खांब तुटेल. एकाच मजल्याचे खांब जाड केले तर दुबळेपणा वरच्या मजल्यावर सरकतो. म्हणून संपूर्ण इमारतीचे गणित मांडणारा अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनियर हवा. जुन्या काँक्रीट इमारतींची तपासणी आणि बळकटी कशी करावी, याचे भारतीय मानक, आयएस १५९८८, २०१३ पासून उपलब्ध आहे. अभियंत्याला ते ठाऊक आहे का, हे नि:संकोच विचारावे.

तपासणीत आधी मूळ नकाशे पाहतात. ते नसतील तर सळया कुठे आहेत हे यंत्राने शोधतात, विशिष्ट हातोड्याने आणि ध्वनिलहरींनी काँक्रीटचा दर्जा अजमावतात, गरज पडल्यास काँक्रीटचा नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. दोन-चार सांध्यांवरचा गिलावा काढून रिंगा आहेत की नाहीत, हे प्रत्यक्ष पाहणे तर सर्वांत उत्तम. बंगळुरूकरांच्या जवळच या विषयाचे जाणकार आहेत. भारतीय विज्ञान संस्था तिथे आहे आणि केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत (सीपीआरआय) तीन मीटर लांब-रुंद मंचावर कृत्रिम भूकंप घडवून वस्तूंची चाचणी घेणारी यंत्रणाही आहे.

गंजाकडे डोळेझाक करू नये. सळई गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. गंज न काढता वरून आवरण चढवणे म्हणजे आत जखम चिघळत असताना वरून पट्टी बांधणे. गच्चीची, न्हाणीघराची किंवा टाकीची गळती आधी थांबवावी, मगच बळकटीचा विचार करावा.

घरच्यांनी काय पाहावे?

कुटुंबातल्या कुणालाही एका रविवारी करता येण्याजोगे काम आहे. तळमजल्यावर मोकळे पार्किंग आहे का, ते पाहावे. खांब किती इंचांचे आहेत, ते टेपने मोजावे. तुळई जिथे खांबाला भेटते, तिथे तिरप्या भेगा, तपकिरी डाग किंवा सुटलेला गिलावा दिसतो का, ते पाहावे. इमारत कुठल्या वर्षी बांधली, मजले कधी चढवले, जागा भरावाची आहे का, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारावे. नळ किंवा एसीच्या नळीसाठी कुणी तुळईला, खांबाला भोक पाडले असेल तर त्याची नोंद ठेवावी आणि पुढे कुणाला पाडू देऊ नये. ही माहिती एका वहीत लिहून इंजिनियरपुढे ठेवली तर त्याचे निम्मे काम सोपे होते.

सदनिकांच्या इमारतीत अडचण निराळी असते. रंगकाम आणि लिफ्टसाठी सभेत हात वर होतात. न दिसणाऱ्या सांध्यांसाठी होत नाहीत. खालच्या मजल्यावरचा म्हणतो, आमच्या पार्किंगची जागा जाईल. वरचा म्हणतो, आम्ही तर वर राहतो. पण इमारत पडते तेव्हा मजले पाहून पडत नाही. अशा वेळी मोठ्या दुरुस्तीशी सांगड घालणे हा व्यवहारी मार्ग आहे. गिलावा काढायचाच आहे, पहाड बांधायचीच आहे, तर त्याच वेळी सांध्यांची तपासणी उरकावी. परात बांधणीचा आणि फोडाफोडीचा खर्च दोनदा होत नाही. सगळे एका वर्षात परवडत नसेल तर अभियंत्याकडून पूर्ण आराखडा घेऊन, त्याने ठरवून दिलेल्या क्रमानेच टप्प्याटप्प्याने काम करावे. आणि नवे घर बांधणाऱ्यांनी स्लॅबच्या आदल्या दिवशी स्वतः वर जाऊन प्रत्येक सांध्यात रिंगा मोजाव्यात. त्या वेळी पाच-दहा रिंगांना जो खर्च येतो, तो नंतरच्या बळकटीच्या खर्चापुढे काहीच नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. बळकट केलेल्या इमारतीला भूकंपात काहीच होणार नाही, असे वचन कुणी देऊ शकत नाही आणि देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. भिंतींना तडे जातील, काचा फुटतील, दुरुस्तीचा खर्चही येईल. बळकटीचा उद्देश एवढाच, की मजले कोसळू नयेत आणि आजीपासून नातवापर्यंत घरातले सगळे जिन्याने चालत खाली यावेत. बंगळुरूसारख्या शहरात तो दिवस कदाचित कधीच येणार नाही. पण विमा उतरवताना आपण हाच विचार करतो. ज्या छताखाली रोज झोपतो, त्याच्या चार गाठी तपासून घेतानाही तोच करावा.